बुडवलेली झाडं

ऑगस्ट सरत आला तरी आभाळात ढगाचं नाव नव्हतं. तुसकोना तलाव रोज थोडा थोडा खाली बसत होता. काठावरचा तांबडा चिखल उघडा पडून भेगाळला होता, आणि ज्या धक्क्यांना उन्हाळ्यात होड्या बांधलेल्या असायच्या ते धक्के आता चिखलात उंच पायांवर उभे होते.

ऑर्विल मॅडॉक्स उजाडायच्या सुमारास पाण्यावर होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, उंच, हाडकुळा, गुडघ्यांनी बेजार. उभं आयुष्य त्यानं एकाच जातीच्या माशाचा माग काढला होता. बास. काळपट हिरव्या अंगाचा, मूठ जाईल एवढ्या तोंडाचा मासा. गिरणीत मागावर काम करायचा तेव्हा पाळीच्या आधी धरायचा, पाळी सुटल्यावर धरायचा. खायचा क्वचितच. धरायचा, हातात तोलायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. लोक विचारायचे, सोडायचाच असतो तर धरतोस कशाला? ती ओढ सांगता येण्यासारखी नव्हती. दोरा सैल असतो, मन कुठंतरी असतं, आणि खालून कुणीतरी दारावर टकटक करावी तसं दोन बोटांना कळतं. मग अंगातलं सगळं रक्त त्या दोन बोटांत येऊन थांबतं.

लांबून एका होडीचा आवाज आला तसा त्यानं गळाची काठी खाली ठेवली आणि उघड्या, माशांच्या दृष्टीनं अगदी निकामी अशा काठाकडं तोंड करून बसला. होडी जवळून गेली. होडीतल्यानं हात केला. ऑर्विलनंही केला. होडीचा आवाज पार विरेपर्यंत तो तसाच बसून राहिला, मग वळून आपल्या जागेवर आला.

ही जागा बाहेरून कुणाला दिसत नव्हती. पाण्याची उंच टाकी आणि वीज पडून वाळलेला पाईन एका रेषेत आला, की खाली त्याची झाडं होती. तरणेपणी त्यानं सीडरची झाडं तोडून, सिमेंटचे ठोकळे बांधून इथं बुडवली होती. झाडाच्या सावलीला बारकी मासळी येते, आणि बारक्या मासळीमागं बास येतो.

त्यानं रबरी गांडूळ टाकलं. ते खाली बसू दिलं. हळूच ओढलं तर गळ अडकला. डाव्या उजव्या बाजूनं हिसकून बघितलं, सुटेना. शेवटी दोरा हाताला गुंडाळून जोर लावला तेव्हा काहीतरी कडकन मोडलं आणि वर आलं.

सीडरची फांदी होती. टोकापर्यंत हिरवी.

ऑर्विलनं ती नाकाशी नेली. ताज्या लाकडाचा वास आला. त्याची झाडं कधीच कुजून गेली होती. खाली फक्त काळे बुंधे उरले होते, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणजे कुणीतरी इथं येऊन नवं झाड बुडवलं होतं. आजूबाजूला नाही, बरोबर त्याच जागी. फांदीला निळ्या दोरीचा तुकडा गुंडाळलेला होता. गवताचे गठ्ठे बांधतात ती दोरी.

त्यानं दोरीचा तुकडा सोडवून सदऱ्याच्या खिशात घातला आणि चहूकडं बघितलं. तलाव रिकामा होता. पण आता त्याला तो रिकामा वाटेना.

*

दुपारी तो जावयाकडं गेला. रँडलच्या गायींचं तळं जुलैतच आटलं होतं. तेव्हापासून दिवसाआड तलावावर टाकी न्यायची, पंपानं भरायची आणि ट्रॅक्टरनं ओढून कुरणात आणायची, असं दोघांचं काम चाललं होतं. रँडल जाडजूड, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मानेवर उन्हानं भेगा पडल्या होत्या. सासऱ्याला तो त्यांच्याकडच्या रीतीनं 'मिस्टर ऑर्विल' म्हणायचा.

तलावाच्या काठाला ट्रॅक्टर मागं घेताना मागचं चाक चिखलात गेलं. रँडलनं पुढं घ्यायला बघितलं, तर चाक जागच्या जागी फिरून अजून खोल बसलं. दोघांनी फळ्या घातल्या, फावड्यानं चिखल उपसला. रँडल गुडघ्यापर्यंत आत उभा होता.

"पाणी आणखी एवढं खाली गेलं तर इथून भरताच येणार नाही," तो म्हणाला. "सगळा काठ असाच. कुठं कडक जमीन आहे का हो, मिस्टर ऑर्विल? तुम्ही आयुष्य काढलंय इथं."

ऑर्विल फावडं मारत राहिला. "सगळीकडं चिखलच," तो म्हणाला.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा दिवस कलला होता. कुरणात टाकी सोडून परतताना ऑर्विलची नजर कुंपणाकडं गेली. कुंपणाच्या कडेनं सीडरची रांग होती. त्यातली काही झाडं गायब होती. बुंधे राहिले होते, आणि कापलेला भाग अजून लालसर होता. गवताच्या कोठारात भिंतीला निळ्या दोरीची भेंडोळी टांगलेली होती.

"ती झाडं का तोडलीस?" ऑर्विलनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

रँडल नळी गुंडाळत होता. तो क्षणभर थांबला. ऑर्विलनं ते थांबणं बघितलं.

"वाढली होती जास्त," रँडल म्हणाला.

"टाकलीस कुठं?"

"गेली कुठंतरी."

घरी येईपर्यंत ऑर्विलच्या डोक्यात सगळं जुळून गेलं. रँडल दिवसाआड तलावावर असतो. त्याच्याकडं झाडं आहेत, दोरी आहे. आणि झाडं तोडून टाकली कुठं हे सांगताना त्याची जीभ अडखळते. मासे धरत नाही म्हणतो, पण तेच तर सगळ्यात सोयीचं. मासे न धरणाऱ्या माणसाकडं कोण बघतं?

*

शुक्रवारी लेक आणि जावई जेवायला यायचे. बायकोनं, नेल्डानं, मक्याची भाकर भाजली होती, लोण्यात शिजवलेल्या पावट्याच्या बिया, तळलेली भेंडी आणि बागेतले शेवटचे टोमॅटो केले होते. डेना आईला ताटं लावू लागत होती. रँडलनं हात चोळून चोळून धुतले तरी नखांत चिखल राहिला होता.

प्रार्थना झाली. वाडगी फिरली. ऑर्विलनं खिशातून निळ्या दोरीचा तुकडा काढून टेबलावर, रँडलच्या ताटाशेजारी ठेवला.

"ही तुझी ना?"

रँडलनं बघितलं. "असेल. अशी दोरी सगळ्यांकडंच असते."

"तलावातून आलीय. माझ्या जागेवरून. सीडरच्या ताज्या फांदीला बांधलेली."

"डॅडी, जेवताना काय हे," डेना म्हणाली.

"मला त्याच्याकडून ऐकायचंय. तुला ती जागा कुणी दाखवली? माझ्या मागावर राहिलास का? की कुणाला दाखवायला घेऊन जातोस? हल्ली पैसेवाले येतात म्हणे शहरातून, त्यांना कुणीतरी जागा दाखवणारा लागतो."

रँडलनं काटा खाली ठेवला. त्याची मान लाल झाली. "मी झाडं तोडली, हे खरं. दोरी माझी असू शकते. त्यापुढचं मी बोलणार नाही."

"का?"

"बोलणार नाही म्हणजे नाही."

"म्हणजे आहे काहीतरी."

"ऑर्विल," नेल्डा म्हणाली, "त्याच्या गायींना प्यायला पाणी नाहीये. उन्हात मरमर मरतोय तो. त्याला तुझ्या माशांशी काय करायचंय?"

"मग तोंड उघडायला काय होतंय त्याला? माझ्या टेबलावर बसून माझ्याच तोंडावर लपवाछपवी करतो. चोर असाच बसतो."

तो शब्द पडला. पंखा फिरत होता. रँडलनं पाण्याचा ग्लास संपवला, खुर्ची मागं सारली आणि नेल्डाकडं बघून म्हणाला, "भेंडी छान झाली होती, मिस नेल्डा." मग टोपी उचलून बाहेर गेला. डेना वडिलांकडं न बघता त्याच्या मागं गेली. बाहेर गाडी सुरू झाली.

नेल्डानं दोन भरलेली ताटं उचलली आणि उरलेलं झाकून ठेवलं. त्या रात्री ती ऑर्विलशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही लागेल तेवढंच बोलली.

पाणी भरायच्या दिवशी ऑर्विल जावयाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. ट्रॅक्टर टाकी घेऊन निघाला होता. रँडलनं वेग कमी केला, पण थांबला नाही.

"आज जमेल मला एकट्याला," तो म्हणाला.

ट्रॅक्टर पुढं गेला. धूळ खाली बसेपर्यंत ऑर्विल फाटक धरून तिथंच उभा होता. मग पाऊलभर आत आलेला तो पुन्हा बाहेर गेला आणि फाटक लावून घेतलं.

*

मासे धरायच्या आमिषाच्या दुकानाबाहेर बाकावर तीन-चार म्हातारे नेहमी बसलेले असायचे. ऑर्विल तिथं जाऊन एकेकाची चौकशी करू लागला. तलावात कुणी झाडं बुडवतंय का? नवी होडी कुणाची दिसते? दुकानदार गांडुळांचे डबे लावत होता. ढेरपोट्या, गमत्या माणूस. सगळे त्याला बिग टॉय म्हणायचे.

"ऑर्विल, तू तर स्वतःच्या सावलीलासुद्धा दुसरीकडं बघायला सांगशील," तो म्हणाला. बाकावरचे हसले.

"मी गमतीनं विचारत नाहीये."

"ते दिसतंय. तुला सांगतो, होड्या उतरवायच्या जुन्या मातीच्या उतारावर रविवारी दुपारी गेलं की टायरच्या ताज्या खुणा दिसतात. चिखल ओला असतो. कुणीतरी सकाळी होडी उतरवून नेतो. तुम्ही सगळी पुण्यवान माणसं चर्चमध्ये असता तेव्हा."

"कोण?"

"मी काय टेहळणीला बसतो? मीही पुण्यवानच आहे." पुन्हा हशा.

ऑर्विल हसला नाही. रविवार सकाळ. ज्यानं ती वेळ निवडली, त्याला ऑर्विल रविवारी सकाळी कुठं असतो हे पक्कं माहीत होतं. रँडल रविवारी डेनाबरोबर चर्चमध्ये पुढच्या रांगेत असतो, हेही त्याला आठवलं. पण ते त्यानं मनात फार वेळ राहू दिलं नाही.

*

रविवारी त्यानं सदरा घातला, टाय बांधला आणि मग पोटात दुखतं म्हणून सांगितलं. नेल्डानं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं.

"डॉक्टरला फोन करू?"

"नको. पडून राहतो."

"चिखलातले बूट मागच्या दाराशी काढून ठेवलेत तू," ती म्हणाली आणि बायबल घेऊन निघून गेली.

ऑर्विल टायसकट निघाला. गाडी रानात लांब लावली आणि काठाकाठानं चालत विलोच्या झुडपांमागं येऊन बसला. पाणी खूप खाली गेलं होतं. त्याच्या जागेवर आता काळ्या बुंध्यांची टोकं वर आली होती. आजवर ज्या गोष्टी त्यानं बायकोलासुद्धा दाखवल्या नव्हत्या, त्या उन्हात उघड्या पडल्या होत्या. गुडघे दुखू लागले तसं त्यानं बुडाखाली टोपी घेतली.

होडी आली ती आवाज न करता. पत्र्याची चपटी होडी, मागं विजेवर चालणारी छोटी मोटर. मोटरीवर एक बाई बसली होती. पुढं सीडरचं एक झाड आडवं टाकलेलं. मधे खुर्चीवर एक म्हातारा, डोक्यावर गवती टोपी, नाकात नळी आणि पायांशी प्राणवायूची टाकी.

बाईनं होडी बुंध्यांशी थांबवली आणि कपड्यांसकट पाण्यात उतरली. पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. झाडाला ठोकळा बांधायला ती निळी दोरी तोडू लागली.

ऑर्विल झुडपातून बाहेर आला. त्याचे बूट चिखलात चपचपत होते.

म्हाताऱ्यानं मान वर केली. ऑर्विलनं त्याला ओळखलं. तो हॉयट सग्ज होता. एकेकाळी दोघं गिरणीत शेजारच्या मागांवर असायचे, आणि गिरणीबाहेर एकाच होडीत. त्या गिरणीच्या कापसाची धूळ ऑर्विलच्या वाट्याला कमी आली होती. हॉयटच्या छातीत ती बसली होती.

"चर्च सोडलंस का?" हॉयट म्हणाला. मधेच थांबून त्यानं श्वास घेतला. "टाय तर बांधलाय."

"माझ्या झाडांवर काय करतोयस?"

"तुझ्या?" हॉयट हसायला गेला आणि खोकला. "पहिलं झाड आपण टाकलं तेव्हा तुझ्या पाठीत उसण भरली होती. होडीत आडवा पडून मला हुकूम सोडत होतास. ठोकळे मी वाहिले."

हे खरं होतं. ऑर्विल ते विसरला होता, किंवा इतकी वर्षं 'माझी झाडं' म्हणत म्हणत ते त्याच्या मनातून निघून गेलं होतं.

"अंकल ऑर्विल," पाण्यातली बाई म्हणाली. ती हॉयटची मुलगी रोंडा. लहान असताना ती या दोघांमधे, होडीच्या तळाशी बसून यायची. आता तिचे केस पांढरे व्हायला लागले होते. "भांडायचं तर भांडा, पण मी चिखलात उभी आहे."

"झाडं रँडलनं दिली?"

"हो. दोरीसुद्धा. मीच त्याला म्हटलं होतं, सांगू नकोस म्हणून. त्यानं सांगितलं का?"

"नाही," ऑर्विल म्हणाला.

"भला माणूस आहे. डॅडींना आता लांबवर नेता येत नाही. इथली झाडं कुजून गेली होती, मासा लागायचा नाही. रिकाम्या हातानं घरी गेले की आठवडाभर खुर्चीतून उठायचे नाहीत. एकदा ओढ लागली की पुढचा आठवडा निघतो त्यांचा. म्हणून मी नवी झाडं टाकायला लागले."

"मला सांगायचंस."

"तुम्ही ती उपटून काढली असती, असं डॅडी म्हणाले."

काढली असती, हे ऑर्विललाही ठाऊक होतं.

तो पाण्याच्या कडेपर्यंत आला. आता होडी हाताच्या अंतरावर होती. एक गोष्ट त्याच्या मनात इतकी वर्षं पडून होती. वसंतातली मासेमारी क्लबची स्पर्धा. तो होडीच्या मागच्या बाजूला गुंतलेला दोरा सोडवत मान खाली घालून बसला होता. पुढं पाणी खळबळलं. त्यानं मान वर केली तर हॉयटच्या हातात मासा, त्या वर्षातला सगळ्यात मोठा. पण मासा झुंजल्याचा आवाज त्यानं ऐकला नव्हता. माशाची शेपटी झिजल्यासारखी वाटली होती, आधीच धरून टोपलीत बांधून ठेवलेल्या माशाची झिजते तशी. तो तेव्हा गप्प बसला, आणि दुसऱ्या दिवशी क्लबच्या माणसांपाशी जाऊन एवढंच म्हणाला, की मी त्याला तो मासा धरताना बघितलं नाही. तेवढं पुरलं. हॉयटचं नाव काढून टाकलं गेलं. हॉयट तेव्हा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही.

"तो मासा," ऑर्विल म्हणाला, "तू तिथंच धरला होतास का?"

रोंडाचे हात दोरीवर थांबले. प्राणवायूच्या टाकीचा बारीक आवाज येत होता.

"तेव्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं," हॉयट म्हणाला. "आता नाही सांगणार."

त्याच्या चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. कधीच नव्हतं. ऑर्विलनं त्याच्याकडं डोळे बारीक करून बघितलं, जणू अजूनही तिथं काही लपलेलं सापडेल. मग तो चिखलात बसला, बूट काढले, टाय सोडून बुटात कोंबला आणि पाण्यात उतरला.

"त्याला दोन ठोकळे लागतील," तो रोंडाला म्हणाला.

"माहीत आहे तिला," हॉयट होडीतून म्हणाला. "तू बुंधा धर. यावेळी पाठ ठीक आहे ना?"

*

सोमवारी ऑर्विल पुन्हा फाटकाशी गेला. ट्रॅक्टर यायच्या आधीच फाटक उघडून आत जाऊन उभा राहिला. रँडल टाकी घेऊन कुरणात आला. गायी हंबरत धावत आल्या, एकमेकींना ढुसण्या देत. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. टाकी अर्धीच भरलेली होती आणि ट्रॅक्टरची चाकं वरपर्यंत चिखलानं माखलेली होती.

"पुन्हा रुतला?" ऑर्विलनं विचारलं.

"दोनदा."

रँडल नळी सोडू लागला. ऑर्विलनं तिचं दुसरं टोक धरलं.

"रोंडा भेटली मला," तो म्हणाला.

"बरं."

"तू सांगायचंस मला."

"तिला शब्द दिला होता."

"मी तुला नाही ते बोललो. डेनासमोर."

"हो," रँडल म्हणाला. "बोललात."

गायींनी हौदात तोंडं घातली होती. त्यांच्या पिण्याचा आवाज येत होता. रँडल पुढं काही म्हणेल म्हणून ऑर्विल थांबला. रँडलनं नळीला पडलेला पीळ पायानं सरळ केला.

"ते टोक जरा वर धरा," तो म्हणाला. "पाणी सांडतंय."

ऑर्विलनं टोक वर धरलं.

*

आठवडा सरायच्या आत रोंडाचा फोन आला. नेल्डानं फोन उचलला, ऐकलं आणि तो ऑर्विलच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑर्विलनं हॉयटला आपल्या होडीत घेतलं. रोंडानं टाकी पायांशी नीट बांधून दिली आणि ती काठावर गाडीत बसून राहिली.

दोघं निघाले. हॉयटनं काठीला आमिष बांधलं ते ऑर्विलकडं पाठ करून. उरलेलं पाकीट मांडीखाली सरकवलं. ऑर्विलनंही आपलं आमिष बांधताना टोपी आड धरली.

"नवं काहीतरी वापरतोस," ऑर्विल म्हणाला.

"जुनंच आहे."

"मग लपवतोस कशाला?"

"तू बघतोस म्हणून."

झाडांवर त्यांना काही लागलं नाही. पाणी फार उथळ झालं होतं, बास खोलात निघून गेले होते. हॉयट थकायला लागला. त्याचे ओठ निळसर दिसत होते. ऑर्विल थोडा वेळ बसून राहिला. मग त्यानं मोटर वळवली आणि तलावाच्या वरच्या अंगाला, जिथं कुणी फिरकत नव्हतं तिथं होडी नेली.

धरण व्हायच्या आधी तिथून एक रस्ता जायचा. तो आता पाण्याखाली होता, आणि त्यावरचा छोटा दगडी पूलही. पुलाखाली उन्हाळ्यात गार पाणी राहायचं. ऑर्विलला ही जागा हॉयटबरोबर मासे धरायच्या आधीपासून माहीत होती.

हॉयटनं आजूबाजूला बघितलं, मग ऑर्विलकडं. "इथं तू मला कधी आणलं नव्हतंस."

"नाही."

"एका होडीत होतो आपण, ऑर्विल."

"होतो."

हॉयट पाण्याकडं वळला. त्यानं मनगटानं आमिष टाकलं. अंगात काही उरलं नव्हतं, पण मनगट तसंच होतं, हलकं आणि अचूक. दोरा बुडत गेला, मधेच थांबला, आणि आडवा चालू लागला. हॉयटनं काठी मागं ओढली. काठी पार पाण्यापर्यंत वाकली.

मासा मोठा होता. तो एकदा वर उसळला, तोंड उघडून डोकं झटकलं आणि पुन्हा खाली गेला. हॉयटनं चकरी फिरवली, थांबला, पुन्हा फिरवली. त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. त्यानं काठी ऑर्विलकडं केली.

"घे."

"तुझा मासा आहे."

"घे म्हणतो ना."

ऑर्विलनं काठी घेतली. हातात घेताच ती ओढ त्याच्या खांद्यापर्यंत आली, आणि कसलाही संशय, कसलाही हिशोब तिथं उरला नाही. तो उभा राहिला, गुडघे विसरला. मासा पुलाकडं जाऊ लागला तर त्यानं त्याला वळवलं, दमू दिलं, पुन्हा वळवलं. हॉयट खुर्चीतून वाकून हातजाळं पाण्यात धरून बसला होता. मासा बाजूला आला, पांढरं पोट दाखवत आडवा झाला, आणि हॉयटनं तो जाळ्यात घेतला.

दोघांनी तो बघितला. हिरवा, जड, कल्ले उघडझाप करणारा. शेपटी अखंड होती, हे ऑर्विलनं बघितलं. हॉयटनं त्याला ते बघताना बघितलं.

मग हॉयटनं मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला. शेपटी हलायला लागेपर्यंत धरून ठेवला, आणि सोडला.

*

शुक्रवारी डेना आणि रँडल जेवायला आले. बोलावलं होतं नेल्डानं, ऑर्विलला न विचारता. सगळे जरा जपूनच बोलत होते. डेनानं टोमॅटो वाढले. रँडलच्या हाताला पंपाचा चटका लागला होता, त्यावर पट्टी होती. काल ट्रॅक्टर इतका खोल रुतला होता की शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून काढावा लागला, आणि गायी दिवसभर तहानलेल्या राहिल्या, असं डेनानं सांगितलं. रँडल जेवत राहिला.

थोड्या वेळानं, बोलायला काहीतरी हवं म्हणून, त्यानं विचारलं, "काल तलावावर गेला होतात म्हणे. लागलं का काही?"

"मोठा लागला. हॉयटला."

"बरं झालं."

कुठं लागला, हे त्यानं विचारलं नाही. त्या घरात तो प्रश्न कुणीच विचारत नसे.

ऑर्विलनं भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटात ठेवून दिला. "वरच्या अंगाला," तो म्हणाला. "जुन्या धक्क्याच्या पुढं. काठाला दोन ओक आहेत, एक वाकलेला. त्यांच्यामधून जुना रस्ता पाण्यात उतरतो. त्या रस्त्यानं सरळ पुढं गेलं की खाली दगडी पूल आहे. तिथं."

नेल्डाच्या हातातला डाव वाडग्यावर तसाच थांबला. लग्न झाल्यापासून तिनं या माणसाच्या तोंडून मासे धरायच्या एकाही जागेचं नाव ऐकलं नव्हतं. डेनानं आईकडं बघितलं.

रँडल घास चावत होता. त्याला त्यातलं काही कळलं असं दिसलं नाही. मग तो चावायचा थांबला.

"रस्ता म्हणजे, खडीचा?"

"खडीचा."

"पाण्यापर्यंत?"

"पाण्याच्या आतपर्यंत."

"ट्रॅक्टर उतरेल तिथं? टाकी घेऊन?"

ऑर्विलच्या डोळ्यांसमोर पंपाचा धडधडाट आला, पाण्यावर पसरणारं तेल आलं, पुलाखालून दूर निघून जाणारे मासे आले. दिवसाआड, पाऊस पडेपर्यंत. उघडा पडलेला तो काठ, त्यावर चाकांच्या खुणा, आणि त्या खुणांमागून येणारे सगळे.

"उतरेल," तो म्हणाला. "रुतणार नाही."

रँडलनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. हा रस्ता म्हाताऱ्याला कधीपासून माहीत होता, हे त्याच्या मनात आलं असावं. पण त्यानं ते विचारलं नाही. त्यानं बियांचं वाडगं उचलून सासऱ्यापुढं केलं.

"उद्या सकाळी नेतो मग," तो म्हणाला.

"मी येतो," ऑर्विल म्हणाला. "पाण्यात रस्ता डावीकडं वळतो. वरून दिसत नाही."